सासूबाईंचा पडदा आणि शेपटीवाल्या फायली

जावईबापूंना आवरायची खोड होती. खोडच म्हणायची, कारण गुण म्हटलं की त्यांची बायको भांडायला उठायची. माणूस औषधविक्रेता. दुकानात भिंतभर खण, प्रत्येक खणावर ठसठशीत चिठ्ठी, आणि सगळं अक्षरांच्या क्रमाने. दुकानात हे शोभतं, नव्हे लागतंच. पण हा गृहस्थ लोकांकडे पाहुणा म्हणून गेला तरी बसल्या बसल्या टेबलावरची मासिकं महिन्याप्रमाणे लावून ठेवायचा, आणि वर कुणीतरी कौतुक करेल म्हणून इकडेतिकडे बघायचा. कुणी केलं नाही तर घरी येईपर्यंत तोंड फुगलेलं.

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहत. कापडगिरणीसाठी नक्षी काढणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. पडदे, चादरी, सोफ्याची कापडं. या गावातल्या निम्म्या घरांतून त्यांच्या वेली चढलेल्या असतील आणि कुणाला पत्ताही नसेल. आधी त्या कागदावर काढायच्या. मग गिरणीने त्यांना एक कॉम्प्युटर दिला. पुढे गिरणीने नवे घेतले, बाईंनी हा सोडला नाही. जाडजूड, पिवळा पडलेला, सुरू होताना घसा खाकरणारा. तो घरात आला तेव्हा जावईबापूंचं स्थळही सांगून आलेलं नव्हतं, त्यामुळे मानाने तो त्यांच्याहून वडील होता आणि सासूबाई तसंच वागवायच्या.

मागच्या वर्षी बाईंना मेंदूचा छोटा झटका येऊन गेला. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, जिभेची धार तर काकणभर वाढलीच. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या दवाखान्यातून घरी यायच्या आत जावईबापूंनी भेट म्हणून त्यांचं स्वयंपाकघर आवरलं. जुने मोडके, रंगीबेरंगी, कान तुटलेले डबे माळ्यावर टाकले आणि एका मापाचे पांढरेशुभ्र डबे आणून ओळीने लावले, चिठ्ठ्या डकवून, अक्षरांच्या क्रमाने. बाई दारात उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "छान आहे हो." जावईबापू आठवडाभर त्या तीन शब्दांवर खूश होते.

आणि मग चहात मीठ पडायला लागलं.

एकदा पडलं, हसले सगळे. पुन्हा पडलं, तेव्हा कुणी हसलं नाही. बायकोने एकदा आईला स्वयंपाकघरात गुपचूप पाहिलं. बाई एकेक डबा उघडत होत्या, बोट बुडवत होत्या, चाटत होत्या आणि झाकण लावून पुढच्या डब्याकडे जात होत्या.

"आईचं डोकं चालेनासं झालंय," बायको घरी येऊन म्हणाली आणि रडली. "तिला एकटं ठेवण्यात अर्थ नाही. ते घर बंद करू आणि तिला इकडे आणू."

सासूबाई ऐकणार कसल्या! गावातल्या नाट्यगृहाचा रंगमंचावरचा पडदा नव्याने विणायचा होता, आणि त्याची नक्षी गिरणीने त्यांच्याकडे सोपवली होती. आयुष्यात एवढं मोठं काम त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांनी मुलीला समोर बसवलं.

"हे बघ. पडदा वेळेत पुरा केला, तर माझं डोकं जागेवर आहे असं समजायचं आणि घराचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही झाला, तर मीच कुलूप लावून किल्ली तुझ्या हातात देईन."

"नक्की?"

"मी कधी शब्द फिरवलाय?"

तर असं ते घर एका पडद्यावर लटकलेलं होतं, आणि त्यात आमच्या जावईबापूंनी हात घातला.

रविवारची सकाळ होती. कॉम्प्युटरने जागा भरल्याची तक्रार सुरू केली होती. बाई म्हणाल्या, तुम्ही जरा बघता का, मी केस कापून येते. पण माझ्या नक्षीला हात लावायचा नाही.

"छे, छे! नक्षीला कशाला लावेन?" जावईबापू बाह्या सरसावून बसले. आवरायला आख्खा कॉम्प्युटर मिळाला होता, आणि घरात कुणी नाही. अशी सकाळ त्यांच्या नशिबी क्वचित यायची.

त्या यंत्रात फायली खणांत ठेवलेल्या असत, आणि हे त्यांना फार आवडलं. खणावर क्लिक केलं की पडद्यावर एक खिडकी उघडायची, आत चित्रांच्या खुणा दिसायच्या. सगळ्या खुणा सारख्याच, रंगाचा डबा आणि त्यात कुंचला, खाली बारीक अक्षरांत नाव. पण त्या मांडल्या होत्या कशा, तर एक इथं, तीन तिथं, एक पार कोपऱ्यात रुसून बसल्यासारखी. जावईबापू चुकचुकले. मग त्यांनी फायलींची साधी यादी उघडली, आणि त्यांना गुन्हेगार सापडला.

प्रत्येक फाइल दोनदा होती! एक मोठी, म्हणजे चित्र. आणि तिच्याशेजारी तेच नाव, मागे एक छोटंसं शेपूट, आणि पोटात जवळजवळ काहीच नाही. प्रत्येक पानाला शेपटीवाला जुळा, प्रत्येक वेलीला, प्रत्येक पक्ष्याला. औषधाच्या खोक्यात कंपनी तो घडीचा कागद घालते, जो कुणी वाचत नाही, तसं काहीतरी असणार, असं त्यांनी ठरवलं. शेकड्यांनी होते. जावईबापूंनी एका हुकमात सगळी शेपटं छाटली. त्या यंत्रात कचरापेटी वगैरे दयामाया नव्हती. पुसलं की पुसलं.

यादी बंद करून त्यांनी पानांचा खण उघडला. खिडकी रिकामी. वेलींचा उघडला. रिकामी. घाईघाईने मेनू धुंडाळताना 'सगळ्या फायली दाखवा' अशी एक सोय सापडली, आणि चित्रं परत दिसायला लागली, एकावर एक ढीग होऊन. चित्रं शाबूत होती, देवाची कृपा. मग 'नावाप्रमाणे लावा' हेही सापडलं. ढीग उलगडला आणि सरळ रांगा झाल्या, अक्षरांच्या क्रमाने. जावईबापूंनी मागे रेलून पाहिलं. त्यांना वाटलं, आधीपेक्षा छानच झालं की.

सासूबाई आल्या, बसल्या, खण उघडला. त्यांचा हात सवयीने उजवीकडे खाली गेला आणि क्लिक केलं. सोफ्याचे पट्टे उघडले. त्यांनी ते बंद केले, डावीकडे वर गेल्या. कुठलासा मोर. तोही बंद केला. मग माउस सोडून त्यांनी हात मांडीवर घेतले.

"काय केलंत?"

"आवरलं! बघा कसं नावाप्रमाणे लागलंय. काहीही शोधा, चुटकीसरशी सापडेल."

"माझं जाडं पान कुठाय?"

"आई, नाव वाचा ना. प्रत्येकाखाली लिहिलंच आहे."

"नावं घेऊन काय चाटायचीत मला?" सासूबाई कडाडल्या, कॉम्प्युटर बंद केला आणि जावयाला चहासुद्धा न विचारता आत निघून गेल्या. त्या चहात मीठ असण्याचा संभव होता, तरी जावईबापूंना ते लागलंच.

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसली. "पडदा व्हायचा नाही आता. पुढच्या रविवारी मुदत संपते, तेव्हा मी घराचं बोलून टाकते."

"अगं, चूक माझी आहे."

"तू काय केलंस? नावाप्रमाणे लावलंस. नावाप्रमाणे लावलेलं शहाण्या माणसाला सापडायला हवं."

बोलणं जावयाच्या बाजूचं होतं, पण त्यांना पटेना. रात्रभर एकच विचार डोक्यात घोळत राहिला. ते चित्र पार कोपऱ्यात रुसून बसलेलं, ते तिथं कसं काय बसत होतं? रोज यंत्र बंद होत होतं, रोज सुरू होत होतं, आणि रोज ते बरोबर त्याच कोपऱ्यात. कोण सांगत होतं त्याला?

सोमवारी दुपारी दुकान बंद ठेवायच्या वेळात ते सासूबाईंकडे हजर झाले.

"आई, रागावा हवं तर. पण जिथं जे होतं तिथं ते परत ठेवू. तुम्ही बोट दाखवा, मी हलवतो."

बाई कुरकुरत बसल्या. जावईबापू एकेक नाव मोठ्याने वाचायचे, "पान जाडं," आणि बाई क्षणाचाही विलंब न लावता बोट टेकवायच्या, "इथं." "पान देठाचं." "त्याच्या खाली, जरा डावीकडे. अजून. हां." कुठं अडणं नाही, आठवणं नाही. जावईबापू मनातल्या मनात थक्क झाले. हे डोकं चालत नाही म्हणतात?

पानांचा खण लागला. मूळचा होता तसाच विस्कळीत, आणि बाईंचा चेहरा खुलला. जावईबापूंनी खिडकी बंद करून पुन्हा उघडली. सगळी पानं परत रांगेत उभी! दोघंही तोंडात मारल्यासारखे बघत राहिले.

"त्याला सांगितलं नाहीत का?" सासूबाई म्हणाल्या.

"कुणाला? काय सांगायचं?"

"कॉम्प्युटरला. लक्षात ठेव म्हणून. आपण होऊन तो काही ध्यानात ठेवत नाही. हलवलं की दर वेळी सांगायचं. नाहीतर तो आपला जुन्याच जागी जातो."

"आणि हे कसं सांगायचं?"

"वरच्या पट्टीत तिसऱ्या जागी जा. तिथनं खाली. दुसरी रेघ ओलांडली की जे पहिलं लागेल, ते."

जावईबापू तिसऱ्या जागी गेले, खाली उतरले, रेघा ओलांडल्या. तिथं लिहिलं होतं, 'स्नॅपशॉट'. त्यांनी जाडं पान उचलून कोपऱ्यात ठेवलं, तो हुकूम दिला, खिडकी बंद केली, उघडली. जाडं पान कोपऱ्यात, सुखरूप.

आता खरं म्हणजे पुढचं पान घ्यायला हवं होतं. पण जावईबापूंना राहवेना. त्यांनी फायलींची यादी उघडली, आणि जाड्या पानाशेजारी एक शेपटीवाला जुळा नव्याने जन्माला आलेला! बाकी कुठल्या पानाला तो नव्हता.

"आई, एक मिनिट थांबता का?"

"मला कुठं गाडी गाठायचीय."

त्यांनी त्या शेपटीवाल्या फायलीचं पोट उघडून बघितलं. आत नुसते आकडे. एका कागदावर उतरवून घेतले. पान थोडं उजवीकडे सरकवलं, स्नॅपशॉट, पुन्हा पोट बघितलं. सगळे आकडे तेच, एक तेवढा वाढलेला. पान खाली सरकवलं. त्याच्या शेजारचा आकडा वाढला. पुन्हा वर नेलं, तो उतरला. जावईबापू खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

"अहो, पत्ता आहे हा! डाव्या काठापासून किती आणि वरच्या काठापासून किती. प्रत्येक चित्राच्या खिशात त्याच्या स्वतःच्या घराचा पत्ता!"

"मग तुम्हाला काय वाटलं, ते वाट विचारत जातं?" सासूबाई म्हणाल्या, पण त्याही खुर्ची ओढून पुढे सरकल्या होत्या.

मग खिडकीची पाळी. पानांची खिडकी ऐसपैस मोठी केली, हुकूम दिला, आणि आत सगळीकडे शोधलं. आत काहीच बदललेलं नव्हतं. शेवटी जावईबापूंना खिडकीच्या पत्त्याची चिठ्ठी सापडली खणाच्या बाहेर, खणाशेजारी. खणाला स्वतःचं शेपूट होतं, आणि त्यात खिडकी कुठं उघडायची, किती रुंद, किती उंच, सगळं मांडलेलं.

"हे अजब आहे. खणाची माहिती खणात का नाही ठेवली?"

"आत ठेवली असती तर खण उघडल्याशिवाय कळणार कसं, कसा उघडायचा ते?" सासूबाईंनी विचारलं, आणि जावईबापूंनी त्यांच्याकडे वेगळ्याच आदराने पाहिलं.

आनंद ओसरला तसं त्यांच्या लक्षात आलं. काल कचरा म्हणून त्यांनी जे छाटलं, ते हे होतं. या बाईने वर्षानुवर्षं एकेक चित्र जागेवर ठेवून यंत्राला बजावलेलं, लक्षात ठेव म्हणून. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

"मी तुमचे सगळे पत्ते पुसले, आई."

"पुसले. चला, पुढचं घ्या."

वेलींचा खण घेतला. "वेल उजवी," जावईबापूंनी वाचलं आणि बाईंनी दाखवलेल्या जागी ठेवली. पण डोकं अजून आकड्यांत होतं, आणि चुकून हाताला लागली होती डावी वेल. खाली नाव स्वच्छ दिसत होतं. सासूबाई त्यावर बोट ठेवून बघत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "बरोबर."

जावईबापूंनी नावाकडे पाहिलं, बाईंच्या बोटाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "आई, इथं काय लिहिलंय?"

"चष्मा बदलायला झालाय."

"मोठं करून दाखवू?"

बाईंनी बोट काढून घेतलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"दिसतं सगळं," त्या म्हणाल्या. "अक्षर न अक्षर दिसतं. पण माझ्याशी बोलत नाही. दवाखान्यातून आले तेव्हापासून."

"पण परवा तर तुम्ही सामानाची चिठ्ठी लिहून दिलीत!"

"लिहिता येतं. हात लिहितो आपला. लिहून झालं की मीच लिहिलेलं मला कळत नाही. गंमत आहे की नाही?" गंमत म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

"डॉक्टरांना कळलं नाही?"

"हात वर करा म्हणाले, केला. जीभ दाखवा म्हणाले, दाखवली. वाचून दाखवा असं कुणी म्हणालंच नाही. आणि मी सांगितलं असतं, तर तुमच्या बायकोने त्याच दिवशी या घराला कुलूप घातलं असतं. तिची काळजी मला ठाऊक नाही का? म्हणून गप्प बसले. या खोलीत माझं काही अडत नव्हतं. सगळं जिथल्या तिथं होतं."

जिथल्या तिथं. जावईबापूंची नजर उघड्या दारातून स्वयंपाकघराकडे गेली. पांढरे डबे ओळीने उभे होते, एकसारखे, पलटणीसारखे, प्रत्येकाच्या छातीवर सुवाच्य चिठ्ठी. त्यांचे कान तापले.

"साखर कुठं असायची तुमची?"

"खिडकीपाशी, कान तुटलेल्या डब्यात. मीठ शेगडीच्या डाव्या हाताला. दवाखान्यातून आले तर सगळे सारखे, पांढरे, आणि कुठं काय ते काही कळेना. चाटून बघते. घाईत राहतं एखाद्या वेळी."

"मग तेव्हाच दोन थपडा का नाही मारल्यात मला?"

"कौतुकाने केलं होतंत," सासूबाई म्हणाल्या.

यापेक्षा थपडा परवडल्या असत्या. आणि मग औषधविक्रेत्याच्या डोक्यात दुसरी वीज चमकली.

"आई, तुमच्या गोळ्या? त्या कशा ओळखता?"

"रंगावरून. सकाळी गुलाबी, संध्याकाळी पांढरी."

जावईबापूंना आठवलं. गुलाबी गोळीची कंपनी बदलली होती. तेच औषध आता पांढऱ्या गोळीत यायला लागलं होतं, आणि तो डबा त्यांनी स्वतः, स्वतःच्या दुकानातल्या व्यवस्थित खणात, सासूबाईंचं नाव घालून बाजूला काढून ठेवला होता. या आठवड्यात आणून द्यायचा म्हणून. ते उठले, मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि बाहेर येऊन शिडी मागितली.

माळ्यावरचे जुने डबे खाली आले. एकाला पोचा, एकावर फिकट फुलं, एक निळा, एक कान तुटका. जावईबापू एकेक पुसून उभे राहायचे आणि बाई ओट्यापाशी बोट टेकवायच्या. इथं. नाही, मागे. त्याच्या शेजारी काही नको, माझा कोपर लागतो. डाळी खालच्या फळीवर, आणि कॉफी चहापासून लांब, दोघांचं पटत नाही. जन्मभर लोकांना जागा नेमून देणारा माणूस त्या दुपारी नुसता हुकूम उचलत होता. गोळ्यांच्या दोन डब्या झाल्या. सकाळची आरशाच्या फळीवर, संध्याकाळची दिव्याच्या बटणाखाली. दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं आणि गिऱ्हाइकांनी नावं ठेवली.

"डॉक्टरांना सांगायलाच हवं," निघताना ते म्हणाले. "आणि हिलाही."

"सांगेन. पण तुम्ही नाही सांगायचं, मी सांगेन. आणि पडदा झाल्यावर. आधी सांगितलं तर ती पडदा बघणारच नाही, मला बघत बसेल."

हे जावईबापूंना पटलं नाही, पण डॉक्टरांची वेळ त्यांनी बाईंच्या संमतीने मागून ठेवली, आणि आठवडाभर बायकोसमोर तोंडात मिठाची गुळणी धरली. रोज दुपारी दोघं एकेक खण मार्गी लावत गेले. पक्षी, काठ, वेली. बाई सांगायच्या, ते ठेवायचे, आणि शेवटी बाई स्वतः माउस हातात घेऊन तिसऱ्या जागी जायच्या. तो हुकूम त्यांनी जावयाला देऊ दिला नाही. मोठ्या खणात उजवीकडे खाली एक जागा रिकामी होती. तिथं एक काठ ठेवायला गेले तर बाईंनी हात धरला.

"तिथं नको. तिथं पडदा यायचाय."

दुपारी पत्ते लागत होते आणि उरलेला वेळ बाई एकट्या बसून काढत होत्या. जाडं पान, देठाचं पान, उजवी वेल, डावी वेल, हात जाईल तिथं हवं ते मिळत होतं, आणि पडदा चढत होता. शनिवारी तो त्या रिकाम्या जागी जाऊन बसला.

रविवारी बायको आली ती चेहरा घट्ट करून. तिने काय बोलायचं ते घोकून आणलं होतं, हे नवऱ्याला बघताक्षणी कळलं. सासूबाई चहा टाकत होत्या आणि पाठमोऱ्याच मुलीशी बोलत होत्या, शेजारच्या बाईंच्या मांजराविषयी काहीतरी. बायको दारात उभी राहून आईच्या हाताकडे बघत होती. ती बोट कधी बुडतं याची वाट बघत होती.

हात खिडकीपाशी गेला, न बघता. कान तुटका डबा, दोन चमचे, झाकण. मांजराची गोष्ट मध्ये कुठं थांबली नाही.

बायकोने चहाचा घोट घेतला. मग आणखी एक घेतला. मग तिने ओट्याकडे, त्या पोचे पडलेल्या जुन्या डब्यांकडे नीट पाहिलं.

"हे कुणी खाली काढले?"

"ते राहू दे. आधी इकडे ये."

पडद्यावर पडदा उघडला. दोन्हीकडून वेली चढत गेलेल्या, खाली जाड पानांची गर्दी, आणि मध्यावर, जिथं पडदा दुभंगतो, तिथं दोन पक्षी पाठमोरे, म्हणजे पडदा उघडला की ते दोन दिशांना निघून जाणार. बायको बघतच राहिली.

"आई, हे... हे सगळं तू केलंस?"

"मीच. आता माझं ऐक आणि मध्ये बोलू नकोस." सासूबाईंनी हात मांडीवर घेतले. "मला वाचता येत नाही. झटका आल्यापासून एक अक्षर वाचता येत नाही. बुधवारी डॉक्टरकडे जायचंय, तू चल. पण मला सगळ्याच्या जागा पाठ आहेत, आणि जागा कुणी हलवल्या नाहीत तर माझं काही अडत नाही. मीठ माझ्या डोक्यातनं पडलं नव्हतं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डब्यांकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"सोमवारपासून. आणि डबे मी लावले होते."

ती भडकेल असं त्याला वाटलं. पण ती रडलीही नाही, भडकलीही नाही. नुसती बसून राहिली, आणि घोकून आणलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरत गेलं. आईला बोट चाटताना तिने पाहिलं होतं आणि विचारलं मात्र नव्हतं. ते आठवून तिचा चेहरा पडला.

सासूबाईंनी घराचा विषय काढला नाही. शब्द शब्द असतो, पण मुलीच्या तोंडून यायला हवं ते त्या स्वतः का म्हणून बोलतील?

बायको उठली. कप गोळा करून तिने विसळले, ओटा पुसायला डबे जरा बाजूला सारले आणि फडकं फिरवलं. मग साखरेचा डबा उचलला. उचलला तो हातातच राहिला. ती ओट्यापाशी तशीच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "हा नक्की कुठं ठेवू?"

"खिडकीपाशी," सासूबाई म्हणाल्या. "तुटका कान माझ्याकडे करून."

तिने डबा तिथं ठेवला, कान आईकडे वळवला, आणि बरोबर आहे का म्हणून वळून पाहिलं.